अर्ध्या किलोचं माप

महिन्याचा दुसरा गुरुवार म्हणजे बजाजनगरच्या अंगणवाडीत लेकरांच्या वजनाचा दिवस, आणि त्या दिवशी दगडाबाईचा थाट काय सांगावा! सकाळी आठलाच नातवाला न्हाऊ घालून, गालावर रुपयाएवढी तीट लावून बाई तयार. सून मोनिका कंपनीची बस धरून गेलेली, लेक कडुबा रात्रपाळी करून घोरत पडलेला. दगडाबाई नातवाला जाड गोधडीच्या दुपट्यात गुंडाळायची आणि रांगेत कुणी नंबर विचारला, की "म्हातारीला कसला आलाय नंबर" म्हणत थेट पुढं जाऊन उभी राहायची. वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

काट्यावर लेकरू ठेवायचं ते तिनंच, उचलायचं तेही तिनंच. अंगणवाडीच्या करुणाताई पहिल्या खेपेला म्हणाल्या होत्या, "आजी, दुपटं काढा, कपडे पण काढा. उघड्या अंगानं वजन करायचं असतं." त्यावर दगडाबाईनं जो आवाज लावला तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेला. "चारचौघात लेकरू उघडं करू व्हय? थंडी बाधली म्हंजे शेकायला तुमचं सरकार येणार का?" करुणाताईंपुढं तीस लेकरं होती, त्यातली वीस रडत होती. त्यांनी हात जोडले. दुपट्याचे म्हणून दोनशे ग्रॅम वजा करायचे आणि उरलेला आकडा कार्डावर लिहायचा, असं तेव्हापासून ठरूनच गेलं.

दुपटं खरोखर दोनशे ग्रॅमचंच होतं. पण त्याच्या मधल्या थरात दगडाबाईनं एक कप्पा शिवला होता, आणि त्या कप्प्यात अर्ध्या किलोचं लोखंडी माप होतं. भाजीच्या तराजूत टाकतात ना, तेच.

आता कुणी म्हणेल, म्हातारी लबाड आहे. होतीच. पण तिची लबाडी करुणाताईंशी नव्हती, सरकारशीही नव्हती. ती नजरेशी होती. लेकराचा खरा आकडा चारचौघात बोलला गेला, की नजर त्या आकड्याचं बोट धरून घरी येते, असं दगडाबाईचं पक्कं मत होतं. मग नजरेला खोटाच आकडा द्यावा. हिंडू दे तिला अर्धा किलो इकडं-तिकडं.

हे मत तिनं उगीच बनवलं नव्हतं. तिचं पहिलं लेकरू कृष्णा. अकरा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा काकासाहेब कन्नडच्या आठवडी बाजारात भाजीचं दुकान लावायचा. एके दिवशी भाजी संपत आली, गिऱ्हाईक विरळ झालं, आणि काकासाहेबाला लहर आली. त्यानं लेकरू उचललं आणि तराजूच्या पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात पाच किलोचं माप टाकलं, त्यावर हे अर्ध्याचं. काटा सरळ झाला. "साडेपाच!" काकासाहेब ओरडला. शेजारचा कांदेवाला म्हणाला, "काय भाव लावला?" सगळे हसले. लेकरू हसलं नाही, ते नुसतं टकामका बघत राहिलं. आठव्या दिवशी जुलाबाचं निमित्त झालं आणि कृष्णा गेला.

लेकरू तोललं आणि लेकरू गेलं. दगडाबाईला ह्यापुढं काही कळून घ्यायचं नव्हतं. नवऱ्याला तिनं हे जन्मभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त पडलंय असं तो म्हणायचा अवकाश, की ही ताडकन म्हणायची, "तुम्ही नका बोलू. तुम्ही लेकरू तोललं." काकासाहेब मान खाली घालून खारट भाजी खायचा. पुढं त्यानं मिठाचं नाव काढणंच सोडलं, सहा वर्षांमागं गेला तोवर पुन्हा कधी बोलला नाही.

कृष्णानंतर दोन मुली झाल्या, मग हा मुलगा. त्याचं नाव ठेवलं कडुबा. कडू! म्हणजे काळानं तोंडात घेतलाच तर थुंकून टाकावा. दगडाबाईचं स्वतःचं नाव तरी काय होतं? तिच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईबापांनी हिला दगड म्हटलं होतं. आणि हा कडुबा कंपनीत जाऊन 'के. डी.' झाला, आणि पोराचं नाव ठेवलं सुदर्शन. "अरे, लोकांना बघायचं आवतण कशाला देतो?" म्हणून दगडाबाई आठ दिवस बोलली नव्हती. ती नातवाला दगड्याच म्हणायची.

नवऱ्यामागं तराजू भंगारात गेला. हे माप तेवढं तिनं ठेवून घेतलं. लोखंड आहे, आणि एकदा एक लेकरू खाऊन बसलंय, आता त्याचं पोट भरलंय, दुसरं खाणार नाही. असं आपलं तिचं शास्त्र.

मोनिकाची बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून, म्हणजे सुदर्शन सहा महिन्यांचा झाला तेव्हापासून, वजनाला दगडाबाईच न्यायची. आकडा दर महिन्याला चढता. करुणाताई म्हणायच्या, "आजी, हाताला गुण आहे तुमच्या," आणि दगडाबाई घाईघाईनं जमिनीवर थुंकायची. नवव्या महिन्यात कार्डावर लागलं आठ किलो तीनशे.

आणि दहाव्या महिन्यात घोटाळा झाला.

दगडाबाईच्या भावाला नातू झाला, त्याच्या बारशाला कन्नडला जाणं भाग पडलं. मोनिकानं दोन दिवस सुट्टी टाकली. दगडाबाईनं माप असलेलं दुपटं ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कंबरेला खोचली आणि एस.टी.त बसली. मधे वजनाचा गुरुवार येतोय हे तिला ठाऊक होतं. पण सुनेच्या कुठं ध्यानात राहणार, एखादा महिना चुकला तर बरंच, असा तिनं विचार केला.

सुनेच्या ध्यानात होतं. रजा संपल्यापासून पोराला वजनाला न्यायची संधी बिचारीला पहिल्यांदाच मिळत होती. ती हौसेनं गेली, शहाण्या बाईसारखी रांगेत उभी राहिली, करुणाताईंनी सांगितल्याबरोबर पोराचे सगळे कपडे काढले आणि त्याला काट्यावर ठेवलं. काट्यावर आलं आठ किलो.

शुक्रवारी दुपारी दगडाबाई बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी घेऊन घरी आली, तर दारात चपला वेड्यावाकड्या आणि घरात चिडीचूप. कडुबा खाटेवर डोकं धरून बसलेला. मोनिकाचे डोळे सुजलेले. सुदर्शन तेवढा खुशाल होता, खाटेखाली रांगत एक वाटी आपटत होता.

"काय झालं? कोण गेलं?" दगडाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोणी नाय गेलं," कडुबा म्हणाला. "सुदर्शनचं वजन घटलं, माय. एका महिन्यात तीनशे ग्रॅम. करुणाताई म्हणल्या, रेघ खाली वळली, लक्ष द्या. सोमवारी परत बोलावलंय."

"तुला कोणी सांगितलं त्येला तोलायला!" दगडाबाई सुनेवर खेकसली. पण खेकसता खेकसताच तिच्या डोक्यात हिशेब होऊन गेला. पस्तीस वर्षं भाजीवाल्याची बायको होती ती, आकड्याला मागं नव्हती. आठ-तीनशेतून अर्धा किलो गेला, म्हणजे मागच्या महिन्यात पोरगं होतं सात किलो आठशे. आता आठ. म्हणजे घटलं कुठं? दोनशे ग्रॅम चढलं की!

हे तिच्या अगदी ओठावर आलं आणि तिथंच अडकलं. कारण सांगायचं म्हणजे आठ हाच खरा आकडा, असा शिक्का तिनं स्वतःच मारायचा. आत्ता सगळा गोंधळ होता. आणि जोवर माणसं गोंधळलेली, तोवर नजरही गोंधळलेली राहील. दगडाबाईनं ओठ मिटले आणि सांडलेल्या घुगऱ्या वेचायला बसली.

"हे बघ माय, तुला मी दोष देत नाय," कडुबा म्हणाला. "पण मी ठरवलंय. सोमवारी पण वजन कमीच निघालं, तर मंगळवारी मोनिकानं राजीनामा द्यायचा. पोराला आई पाहिजे. कृष्णाचं मी लहानपणापासून ऐकत आलोय. मपल्या घरात परत तसलं नको."

मोनिकानं खाटेखालच्या सुदर्शनला ओढून मांडीवर घेतलं. वायरिंगच्या लायनीवर दोन वर्षं उभं राहून काम केलं होतं तिनं. मार्चमध्ये पर्मनंटचं पत्र मिळणार होतं, आणि तिच्या हाताखाली सहा मुली होत्या. बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी कामावर गेली तेव्हा त्या सहा जणींनी तिच्या टेबलावर पेढे ठेवले होते. हे सगळं कडुबालाही ठाऊक होतं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. घाबरलेला माणूस आपलं तेच दामटतो.

दगडाबाईनं मनाशी बेत केला. सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत. पोरालाच भरवून भरवून वर आणू. मग काय विचारता! मुगाची खिचडी, वर तुपाची धार. तासाभरानं ज्वारीची पेज. मग केळं, मग अंडं. सुदर्शननं पहिल्या दिवशी आजीचं मन राखलं. दुसऱ्या दिवशी तो तोंड गच्च मिटून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळी खिचडी आजीच्या पातळावर परत केली आणि हसला. त्याच्या हसण्यात नवे आलेले दोन दात दिसले.

"खा ना रे दगड्या, दोन घास तरी खा," दगडाबाई रडकुंडीला आली. तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? पोरगं उत्तम वाढत होतं. दिवाळीपासून दोनदा तिनं त्याच्या करदोड्याची गाठ सैल केली होती. पायातले वाळे घोट्यात रुतायला लागले म्हणून काढून ठेवले होते. सहाव्यात बसलं, आठव्यात रांगलं, आता खाटेचा पाय धरून बूड उचलायला बघत होतं. काट्याबिट्याची तिला गरजच नव्हती. पण हे सगळं तिला दिसत होतं, आणि घरच्यांना दिसत होती फक्त करुणाताईंच्या कार्डावरची रेघ.

रविवारी संध्याकाळी मोनिका कंपनीच्या ॲप्रनला इस्त्री करत होती. दोनदा तीच बाही फिरवून झाली.

"आई," ती म्हणाली, "ह्यांना तुम्ही किती दिवस पाजलं?"

"कडुबाला? तीन वरसं. सोडंना मेला."

"आणि कृष्णाला?"

दगडाबाई पोराचं अंग पुसत होती. तिचा हात थांबला. "कृष्णाला मला दूधच नव्हतं नीट. वावरात जावं लागायचं. गाईचं पाजायची, पाणी घालून. पचायला हलकं म्हणून."

"माझंही आटलंय," मोनिका म्हणाली. आणि मग एकदम तिचा बांध फुटला. "तुम्ही तर जिवापाड करता त्याचं. मी बघते ना. तुमच्याकडं कमी नाही, कमी माझ्याकडं आहे. सकाळ-संध्याकाळ पाजते, मला वाटायचं पुरतंय. मी कामावर मिरवत राहिले आणि पोरगं इकडं सुकत गेलं. मला कळलंसुद्धा नाही. कसली आई मी?"

ती भांडली असती तर दगडाबाईला बरं वाटलं असतं. "म्हातारे, तूच उपाशी ठेवलंस" म्हणाली असती तर हिनंही दोन शब्द सुनावले असते, आणि मन मोकळं झालं असतं. पण ही पोर सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती, आणि तो दोष ट्रंकेत कुलपात होता. दगडाबाईनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला मात्र तोंड उघडलं नाही. सोमवारी दुपटं घेऊन जाऊ, दोनशे वजा जाता काटा आठ किलो पाचशे दाखवील, रेघ वर जाईल, सूनही वाचेल आणि नातूही, असा तिनं शेवटचा बेत केला.

सोमवारी तिघंही गेले. अंगणवाडीत लेकरं नव्हती, करुणाताई एकट्याच काटा पुसत होत्या. दगडाबाईनं दुपट्यातलं पोरगं छातीशी धरलं होतं.

"आजी, आज नाही हं," करुणाताई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण ऐकणाऱ्यातला नव्हता. "आज मी तुमचं ऐकणार नाही. गुरुवारी उघड्यानं केलं, आजही उघड्यानंच. दुपट्याचा अंदाज धरत आले ही माझीच चूक आहे."

मोनिकानं सासूच्या हातातून पोरगं घेतलं, कपडे उतरवले, काट्यावर ठेवलं. सुदर्शननं काट्याच्या कडेला तोंड लावून ती चाखून बघितली. लाल आकडे नाचले आणि थांबले. आठ किलो पन्नास ग्रॅम.

"आठच," कडुबा म्हणाला. "झालं मग. उद्या कंपनीत सांगून टाक."

मोनिकानं मान हलवली. पोराला झबलं घालताना तिला बंद सापडेना. "हो," एवढंच म्हणाली.

दगडाबाईच्या हातात रिकामं दुपटं होतं आणि ते जड लागत होतं. तिला काकासाहेब आठवला. तोही असाच, "हो" म्हणायचा आणि मान खाली घालून जेवायचा. तिच्या डोळ्यांसमोर त्याची ती मान आली आणि आता इथं सुनेची. आपल्या घरात एकानं तोंड बंद ठेवायचं आणि दुसऱ्यानं मान खाली घालायची, असंच चालायचं का?

"थांबा," ती म्हणाली.

तिनं दाताखाली धरून दुपट्याची शिवण टराटरा उसवली, आत हात घातला आणि माप काढून काट्यावर ठेवलं. काट्यानं पाचशे ग्रॅम दाखवले.

कुणाला काही कळेना. "हे काय, माय?" कडुबा म्हणाला.

"हे दर महिन्याला त्येच्या बुडाखाली व्हतं," दगडाबाई म्हणाली. "मागच्या गुरुवारी नव्हतं. ट्रंकेत व्हतं. पोरगं घटलं नाय. सात किलो आठशेवरनं आठवर आलंय. हिच्या दुधाला काय झालं नाय. हिनं कायबी केलं नाय. समदं म्या केलं."

मग ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि कृष्णाचं, तराजूचं, साडेपाचचं, सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. कडुबानं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण भांडणात ऐकली होती. अशी कधी ऐकली नव्हती. मोनिकाला राग यायला हवा होता, तीन दिवस तिनं आसवं गाळली होती. रागही आला. पण त्याच्याआधी हुंदका आला, आणि तिनं पोराला इतकं घट्ट धरलं की ते ओरडलं.

करुणाताईंनी कार्ड उघडलं, आणि आजी न्यायला लागल्यापासूनच्या प्रत्येक जुन्या आकड्यातून अर्धा किलो काढून नवे ठिपके मांडले. रेघ जोडली. ती थोडी खाली सरकली होती, पण हिरव्या पट्ट्यातच होती, आणि वळली कुठंच नव्हती. हळूहळू वर चालली होती.

"बघा," त्या म्हणाल्या. "सुरवातीचे महिने लेकरू भराभर भरतं. रांगायला लागलं, की वजन सावकाश वाढतं. ह्या वयात महिन्याला दोनशे म्हणजे छान आहे. प्रत्येक लेकराची रेघ आपापली असते, शेजारच्याशी तोलायची नाही. आपली चढती आहे ना, मग झालं." मग कडुबाकडं बघून म्हणाल्या, "आणि रेघ वळली असती तरी आधी कारण शोधायचं असतं, भाऊ. आईची नोकरी हे कारण मी लिहून दिलं नव्हतं."

कडुबानं बायकोकडं बघितलं. "चुकलं मपलं," तो म्हणाला. त्याला एवढं बोलतानाच घाम फुटला होता.

इथं सगळं संपायचं, पण दगडाबाई उठेना. ती कार्डावरच्या रंगाच्या पट्ट्यांकडं बघत होती. हिरवा, पिवळा, तांबडा.

"बाई," ती म्हणाली, "मपला कृष्णा कुठं बसतो ह्याच्यात?"

"राहू द्या आजी. जुनी गोष्ट आहे."

"दावा. अकरा महिन्यांचा. साडेपाच किलो."

करुणाताईंनी मोनिकाकडं बघितलं, मग बोट अकराव्या महिन्याच्या रेघेवर ठेवलं आणि खाली आणलं. बोट हिरव्यातून गेलं. पिवळ्यातून गेलं. तांबड्यातही बरंच खाली उतरलं, आणि पार तळाशी थांबलं.

दगडाबाईला अक्षरं वाचता येत नव्हती. पण रंग कळत होते.

"हितं?"

"इथं."

"म्हंजे तोलायच्या आधीच तो…" तिनं आपलं बोट त्या तांबड्यावर ठेवलं. मग म्हणाली, "तराजूनं नाय नेला त्येला."

"नाही आजी. तराजू तर सांगत होता. पण तो आकडा कळणारं माणूस त्या बाजारात कोणी नव्हतं. तुम्हालाही कोणी कधी सांगितलं नव्हतं. तुमचा दोष नाही ह्यात."

"मपलं ऱ्हाऊ द्या हो," दगडाबाई म्हणाली आणि पदर तोंडात धरला. "म्या त्या माणसाला जन्मभर बोलले. एक दिवस नाय सोडला. आन तो गप ऱ्हायला."

मोनिका पोराला घेऊन तिच्याजवळ बसली. सुदर्शननं आजीच्या मांडीवर चढायला सुरवात केली.

पुढचे आठ दिवस दगडाबाईला घास गोड लागला नाही. कळलं म्हणून काय झालं, चाळीस वर्षांची भीती एका सोमवारात जाते होय? पोरगं शिंकलं की हिचा जीव खालीवर. मोनिका रोज बसनं कामावर जात होती आणि दुपारच्या सुट्टीत फोन करून "खाल्लं का त्यानं?" ह्याच्या आधी "तुम्ही खाल्लं का?" विचारत होती. नवव्या दिवशी सुदर्शन खाटेचा पाय धरून उभा राहिला, अर्धं मिनिट डुलला आणि धपकन बुडावर बसला. दगडाबाईनं शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. चारचौघांत लेकरू दाखवायची तिची ती पहिलीच वेळ.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ती अंगणवाडीत गेली ती रांगेत उभी राहिली. पोराचे कपडे तिनं स्वतः काढले. तीट मात्र होती, ती पुसा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. काट्यावर आकडा आला तसा करुणाताईंच्या आधी तीच मोठ्यानं म्हणाली, "आठ दोनशे!" बायका हसल्या. सुदर्शनही हसला. माप तिनं करुणाताईंच्या टेबलावर ठेवलं. "काटा खरं बोलतो का नाय, आधी ह्याच्यावर बघत जा," म्हणाली.

मार्च अखेरीला मोनिका पर्मनंटचं पत्र घेऊन आली, म्हणून घरात मटणाचा बेत झाला. जेवणं उरकल्यावर दगडाबाईनं एक ताट वाढलं, थोडा वेळ हातात धरून बसली, मग उठून भिंतीवरच्या काकासाहेबाच्या फोटोखाली ठेवलं. कडुबा आणि मोनिका बघत होते, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"मीठ जरा जास्त झालंय आज," ती फोटोला म्हणाली. "बोला आता. काय बोलायचं ते बोला."